पूर समुद्रात शिरतो तेव्हा

पुराची बातमी साधारणपणे नदीच्या मुखापाशी संपते. धोक्याची पातळी, पाण्याखाली गेलेले पूल, छपरांवर अडकलेली माणसं, आणि मग एक दिवस 'पाणी ओसरू लागलं' अशी ओळ. ओसरून ते कुठे गेलं, असं कुणी विचारत नाही. समुद्रात गेलं, आणखी कुठे जाणार? समुद्र एवढा मोठा, की त्याच्या पोटात काहीही मावतं असं आपण धरून चालतो.

प्रवाळांविषयी वाचू लागल्यापासून मला ते तसं धरून चालता येत नाही. कुठे मोठा पूर आला की आठवडाभराने, ढग विरळ झाल्यावर, मी त्या किनाऱ्याची उपग्रहातून टिपलेली छायाचित्रं शोधून काढते. मुखाशी दाट तपकिरी रंग, पुढे मातकट पिवळा, त्यापुढे हिरवट, आणि शेवटी निळ्यात विरत जाणारी कड. दिसायला ते फार देखणं असतं. तपकिरी भागात गाळ असतो. हिरव्या भागात, त्या गाळाबरोबर आलेल्या खतावर पोसलेली सूक्ष्म वनस्पती असते. आणि या रंगांच्या खाली, छायाचित्रात अजिबात न दिसणारी, प्रवाळभित्ती असते, म्हणजे प्रवाळ या चिमुकल्या प्राण्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांनी उभी केलेली भिंत.

प्रवाळांना पूर नवा नाही. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर नद्या होत्या, चक्रीवादळं होती आणि प्रवाळही होते. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या प्रचंड नद्यांच्या मुखांसमोर भित्ती उभीच राहत नाही. किनाऱ्याला लागून वाढणाऱ्या भित्तीत तर एखाद्या साध्या ओढ्यासमोरही खिंड दिसते. तेवढ्या जागेत गोडं पाणी आणि गाळ यांनी प्रवाळाला पाय रोवू दिलेला नसतो. नदीने आणि प्रवाळाने आपापली हद्द अशी फार पूर्वी आखून घेतली होती. ती हद्द गेल्या दीडशे वर्षांत मोडली, आणि ती जमिनीवर, समुद्रापासून कित्येक मैल आत केलेल्या कामांमुळे मोडली. हे एकदा लक्षात आलं की भित्तीकडे पाहताना नजर आपोआप नदीच्या उगमाकडे वळते. माझी तरी वळते.

आधी पाण्याचंच पाहू. समुद्राच्या पाण्यात हजार भागांमागे सुमारे ३५ भाग मीठ असतं. पुराचं पाणी गोडं, म्हणजे हलकं. ते समुद्रात मिसळण्याऐवजी त्याच्यावर पसरतं आणि काही मीटर जाडीचा थर होऊन तरंगत राहतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा लोंढा सरळ आत न जाता एका बाजूला वळतो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ या विशाल प्रवाळभित्तीच्या बाजूला, तो बहुतेक वेळा उत्तरेकडे वळतो आणि आग्नेयेकडून येणारा वारा त्याला किनाऱ्याशी दाबून धरतो. त्यामुळे पुराचा मार सहसा किनाऱ्याजवळच्या भित्तींना बसतो. वारा पडला किंवा फिरला, की मात्र तो लोंढा मोकळा सुटतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्याच उत्तर क्वीन्सलँडच्या पुरानंतर बर्डेकिन नदीचं गढूळ पाणी किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटर आतल्या भित्तींपर्यंत पोचलं होतं.

अशा थराखाली मी एकदा उतरले आहे. वर चहाच्या रंगाचं पाणी होतं, हात पुढे केला तर बोटं धूसर दिसत होती. थोडं खाली गेल्यावर एक सीमारेषा लागली. तिथे सगळं थरथरत होतं. गोडं आणि खारं पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे प्रकाश वाकतो, आणि डोळ्यांना वाटतं की आपल्या मास्कची काचच खराब झाली आहे. ती रेषा ओलांडली आणि पाणी निवळलं. खालचे गोल घुमटासारखे प्रवाळ आपल्या रंगात होते. पण ज्या फांद्या उंच वाढून त्या रेषेच्या वर गेल्या होत्या, त्यांची टोकं पांढरी पडली होती. एकाच झाडोऱ्याचा खालचा भाग जिवंत, वरचा जाऊ घातलेला. माशाला खाली सरकता येतं. प्रवाळाला जिथे जन्म घेतला तिथेच उभं राहावं लागतं, आणि सूर्याकडे जाण्यासाठी वर्षानुवर्षं जी उंची कमावली, त्याच उंचीची त्याला पुरात शिक्षा होते.

त्याच्या शरीरात काय होतं ते सांगायला सोपं आहे, सोसायला नाही. प्रवाळजीवाला आपल्या अंगातला खारटपणा राखता येत नाही. भोवतालच्या पाण्याइतकाच तो खारट असतो. पाणी गोडं झालं की ते पेशींमध्ये शिरू लागतं, पेशी फुगतात. त्याच्या पेशींत राहून प्रकाशावर अन्न बनवणारं एकपेशीय शैवाल निघून जातं. म्हणूनच तो पांढरा दिसतो. पाणी तसंच राहिलं, तर ऊतींचा पापुद्रा सांगाड्यावरून सुटून गळून पडतो. किती गोडेपणा किती दिवस, याचा हिशेब जानेवारी २०११ मध्ये क्वीन्सलँडच्या फिट्झरॉय नदीला आलेल्या पुराने मांडून दिला. तिच्या मुखाबाहेर केपेल बेटं आहेत, त्यांच्याभोवती फांद्यांच्या ॲक्रोपोरा प्रवाळांची दाट वस्ती. तिथल्या अभ्यासातून असं दिसलं, की क्षारता, म्हणजे हजार भागांमागचं मीठ, २२ पर्यंत उतरली तर ॲक्रोपोरा सुमारे तीन दिवस तग धरतात आणि २८ वर राहिली तर सोळा दिवस. त्यापुढे मरतात. त्याआधी १९९१ च्या पुरात याच बेटांच्या आडोशाच्या बाजूला, उथळ पाण्यातले सुमारे ८५ टक्के प्रवाळ मेले होते. फिट्झरॉयचं पाणलोट क्षेत्र १,४०,००० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या जमिनीवर पडलेला पाऊस एका मुखातून बाहेर पडतो आणि त्याच्या वाटेत ही चिमुकली बेटं उभी आहेत.

तरीही, १९९१ च्या त्या संहारानंतर दहाएक वर्षांत केपेलचे प्रवाळ पुन्हा उभे राहिले होते. फांद्यांचे प्रवाळ भराभर वाढतात. गोड्या पाण्याचा घाव वरवरचा असतो, उथळ भागापुरता असतो, आणि पाणी खारट झालं की संपतो. म्हणून पुरातलं पाणी हा मला भित्तीचा खरा शत्रू वाटत नाही. खरी भीती वाटते ती पाण्यातून आलेल्या मातीची.

मातीचं वागणं मोठं चमत्कारिक असतं. चिकणमातीचे कण नदीत एकमेकांना दूर लोटतात, कारण सगळ्यांवर सारखाच विद्युतभार असतो. थोडं मीठ लागलं की तो भार निष्प्रभ होतो, कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळाला बसतात. त्यामुळे गाळाचा मोठा हिस्सा मुखाजवळच पडून जातो. हे ऐकून हायसं वाटतं, पण गोष्ट तिथे संपत नाही. सगळ्यात बारीक कण तरंगत पुढे जातात. वाटेत त्यांना जिवाणू, मेलेल्या प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचे) अवशेष, सूक्ष्म जीवांनी सोडलेला चिकट द्रव असं सगळं लागत जातं आणि त्यांचे हलके, लिबलिबीत पुंजके बनतात. ते बर्फासारखे सावकाश खाली उतरत राहतात, आणि खाली प्रवाळ असतो. मुखाजवळ बसलेला गाळही बसून राहत नाही. वारा सुटला, उधाण आलं, की उथळ तळावरून तो पुन्हा उठतो, बसतो, पुन्हा उठतो. पूर आठवड्यात ओसरतो. त्याने आणलेला गढूळपणा पुढे कित्येक महिने किनाऱ्याशी रेंगाळत राहतो.

गाळ अंगावर पडलेला प्रवाळ जवळून पाहण्यासारखा असतो. वरवर पाहणाऱ्याला तो दगडासारखा निश्चल वाटतो. पण थांबून, डोळा अगदी जवळ नेऊन पाहिलं, की त्याची धडपड दिसू लागते. प्रवाळजीव अंग फुगवतो, म्हणजे वरचे कण उताराला लागतात. कातडीवरचे केसाहून बारीक तंतू एका दिशेने लाटा उठवत कणांना कडेकडे ढकलतात. मग तो चिकट द्रव सोडतो. कण त्यात गुंतत जातात, त्याचा पातळ पडदा तयार होतो, आणि एखादी झुळूक यावी तशी पाण्याची हालचाल आली की तो पडदा मातीसकट सरकून निघून जातो. खालची कातडी स्वच्छ. वाळूचे कण असतील तर हे काम लवकर होतं. बारीक, लिबलिबीत गाळ मात्र खळग्यांमध्ये साचतो. तो एकदा काढला तरी तासाभरात नवा येऊन बसतो. आणि हा द्रव फुकट तयार होत नाही. प्रकाशातून मिळवलेल्या अन्नाचाच तो भाग असतो, आणि नेमक्या याच दिवसांत पाणी गढूळ असल्यामुळे प्रकाश कमी, म्हणजे मिळकतही कमी.

साफसफाई हरली की पुढे काय होतं, हे ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेतल्या आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये सूक्ष्म संवेदकांनी मोजून दाखवलं. गाळात सेंद्रिय अंश जास्त असेल, तर त्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि गाळाखालचा प्राणवायू संपवून टाकतात. तिथलं पाणी आम्लधर्मी होतं. त्यात प्रवाळाची पहिली ऊती मरते. मग मेलेल्या ऊतीच्या कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो आणि शेजारच्या जिवंत ऊतीकडे पसरतो. एका ठिपक्यापासून सुरू झालेलं मरण असं कडेकडेने पुढे सरकतं. सेंद्रिय अंश भरपूर असेल तर हे सगळं साधारण दिवसभरात होतं. म्हणून गाळाच्या जाडीपेक्षा त्या गाळात काय आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पिल्लांची गत याहून नाजूक. ग्रेट बॅरियर रीफवर वसंताच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, कित्येक जातींचे प्रवाळ एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतात. त्यातून जन्मलेल्या अळ्या बसायला स्वच्छ, कडक पृष्ठभाग शोधतात. गुलाबी चुनखडी शैवालाचा थर त्यांना विशेष पसंत असतो. त्यावर गाळाची अगदी पातळ साय असली तरी त्या बसत नाहीत. ज्या बसतात, त्या महिना-दोन महिन्यांनी पावसाळा सुरू होतो तेव्हा जेमतेम टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. मोठा प्रवाळ जेवढा गाळ दिवसभरात झटकून टाकील, तेवढ्यात ही पिल्लं कायमची पुरली जातात. प्रौढ प्रवाळ पुरातून वाचले असं सर्वेक्षणात दिसतं आणि आपण समाधान मानतो. त्या वर्षी जी पिढी आलीच नाही तिची नोंद सहसा उशिरा होते.

मातीबरोबर खत येतं. किनाऱ्यालगतच्या उसाच्या शेतांमधला नायट्रोजन पाण्यात विरघळून येतो, तो मुखाशी तळाला बसत नाही, लोंढ्याबरोबर दूरवर जातो. त्यावर प्लवक फोफावतात, पाणी हिरवं होतं, खाली प्रकाश कमी पोचतो. प्रवाळ मेलेल्या जागा मोठी शैवाळं बळकावतात. सांगाडे पोखरणाऱ्या जिवांना गाळून खायला भरपूर मिळतं, आणि ते भित्ती आतून पोकळ करतात. शेतातली तणनाशकंही येतात. डाययुरॉनसारखी तणनाशकं वनस्पतीची प्रकाश वापरण्याची यंत्रणा बंद पाडण्यासाठीच बनवलेली आहेत. प्रवाळाच्या पेशीत राहणाऱ्या शैवालात नेमकी तीच यंत्रणा असते.

खताचा एक धागा काटेरी मुकुट तारामाशापर्यंत जातो असं मानलं जातं. हा तारामासा प्रवाळावर चढतो, आपलं पोट बाहेर काढून त्याच्यावर पसरतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवून पुढे जातो. एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते. एरवी त्यातून निघालेल्या अळ्या उपासमारीनेच मरतात. १९८२ मध्ये चार्ल्स बर्कलंड या शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधल्या उंच बेटांवरच्या नोंदी तपासून मांडलं, की दुष्काळानंतरच्या मोठ्या पावसाने समुद्रात पोषकद्रव्यं गेली, प्लवक माजले, अळ्यांना पोटभर मिळालं, आणि तीनेक वर्षांनी तारामाशांची टोळधाड आली. या मांडणीवर आजही वाद आहे. तारामाशांना खाणारे मासे आणि गोगलगायी आपणच कमी केल्या, याकडे काही शास्त्रज्ञ बोट दाखवतात. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं. १९८५ ते २०१२ या काळात ग्रेट बॅरियर रीफवरचं जिवंत प्रवाळांचं आच्छादन २८ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर आलं, आणि त्या वेळच्या हिशेबात चक्रीवादळांच्या खालोखाल वाटा याच तारामाशाचा, ४२ टक्के होता. पुरात मेलेला प्रवाळ मोजता येतो. पुराने तीन वर्षांनी पाठवलेल्या तारामाशाने खाल्लेला प्रवाळ पुराच्या खात्यावर मांडला जात नाही.

२०११ च्या पुरांनंतर आणि यासी चक्रीवादळानंतर त्याच किनाऱ्यावर समुद्री गवताची कुरणं गाळाखाली आणि अंधारात नष्ट झाली. त्या वर्षी किनाऱ्याला लागलेल्या डुगाँग (समुद्रगाय) आणि हिरव्या कासवांच्या मृतदेहांची संख्या एकदम वाढली. ते भुकेने मेले होते. प्रवाळांविषयीच्या लेखात हे थोडं बाजूचं आहे, पण मला ते वगळवत नाही.

पूर्वी पूर कसे असत, हे आपल्याला कसं कळतं? प्रवाळच सांगतो. पोरायटीस नावाचे घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात आणि शतकानुशतकं जगतात. त्यांच्यात बारीक नळी घालून आतला दांडा काढला, त्याचा उभा काप घेतला, की वर्षांचे थर मोजता येतात. असा एक काप मी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहिला. साध्या उजेडात तो नुसता पांढरट चुनखडीचा तुकडा होता. दिवा लावला आणि त्यात निळसर उजळ रेघा उमटल्या, काही केसासारख्या बारीक, काही ठळक, मध्येच एखादी भडक. एकेक रेघ म्हणजे एकेक पुराचं वर्ष. मी बोट न लावता, वरूनच, एका ठळक रेघेपासून दुसरीपर्यंत जात राहिले. मध्ये कित्येक वर्षांची शांत, काळपट जागा होती. ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेतले पीटर इस्डेल यांनी १९८४ मध्ये या रेघा बर्डेकिन नदीच्या प्रवाहाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि त्या जुळल्या. नदीवर मोजपट्टी लावणारं कुणी नव्हतं तेव्हाही भित्ती तिचा हिशेब लिहीत होती.

रेघा पाणी किती आलं ते सांगतात. माती किती आली ते बेरियम हे मूलद्रव्य सांगतं. गाळाच्या कणांना बेरियम चिकटून येतं, खाऱ्या पाण्यात सुटतं, आणि प्रवाळ कॅल्शियमबरोबर तेही आपल्या सांगाड्यात बांधून टाकतो. शास्त्रज्ञ माल्कम मॅकलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये बर्डेकिनच्या प्रभावाखालच्या एका भित्तीवरच्या प्रवाळातलं बेरियम १७५० च्या सुमारापासून तपासलं. शंभराहून अधिक वर्षं पूर येत राहिले, पण बेरियमची पातळी फारशी हलली नाही. १८७० च्या आसपास ती उसळली, आणि नंतरच्या पुरांमध्ये वरच राहिली. त्यांच्या अंदाजाने तेव्हापासून समुद्रात जाणारा गाळ पाच ते दहा पटींनी वाढला. याच काळात त्या खोऱ्यात युरोपीय वसाहतवाल्यांनी मेंढ्या आणि गुरं आणली. गवत कमी झालं, खुरांनी जमीन उघडी पडली, नदीकाठ ढासळू लागले. पाऊस तोच होता. त्याला धरून ठेवणारी जमीन बदलली होती.

एका प्रवाळाच्या पोटात ही तारीख सापडावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि दुःखही होतं.

गढूळ पाणी म्हणजे प्रवाळाचा अंत, असं सरसकट म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. क्वीन्सलँडमधल्या टाउन्सव्हिलजवळच्या हॅलिफॅक्स बेमध्ये पलूमा शोल्स नावाची भित्ती आहे. ती हजाराहून अधिक वर्षं चिखलातच वाढली आहे. भरतीच्या वेळी वरून पाहणाऱ्याला तिथे भित्ती आहे हे कळणारही नाही. ॲमेझॉनच्या मुखाबाहेर, जगातल्या सगळ्यात मोठ्या नदीच्या लोंढ्याखाली, स्पंज आणि चुनखडी शैवालांची विस्तीर्ण भित्ती असल्याचं २०१६ मध्ये तपशिलाने प्रसिद्ध झालं. गाळाची सवय असलेल्या जाती असतात, आणि पाण्याचा गढूळपणा कडक उन्हाळ्यात काही प्रवाळांना सावलीही देतो. पण या भित्ती चिखलात घडलेल्या आहेत. निवळ पाण्यात घडलेल्या भित्तीवर पाच-दहा वर्षांत तो चिखल आणून टाकला, तर तिच्यातल्या बहुतेक जाती जातात आणि उरतात त्या मूठभर चिवट. वरवर पाहिलं तर अजूनही प्रवाळ दिसतो. पूर्वीची विविधता दिसत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विश्वासाची वाटते ती हवाईतल्या ओआहू बेटावरच्या कनेओहे उपसागराची हकीकत. तिथे एकाच जागी, बावीस वर्षांच्या अंतराने, दोन मोठे पूर आले. पहिला १९६५ मध्ये. उथळ पाण्यातले प्रवाळ मेले. त्या काळात उपसागरात सांडपाणी सोडलं जात होतं. भित्ती सावरेना. वर्षं गेली, तरी सावरेना. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी उपसागराबाहेर वळवलं गेलं, त्यानंतर कुठे प्रवाळ परतू लागले.

दुसरा पूर ३१ डिसेंबर १९८७ च्या रात्रीचा. पृष्ठभागावरची क्षारता १५ पर्यंत उतरली. उपसागराच्या पश्चिम आणि दक्षिण भागांत एक-दोन मीटर खोलीपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक प्रवाळ मेला. प्रवाळच काय, खेकडे, समुद्री साळू, सगळंच. मेलेल्या जिवांच्या कुजण्यातून आणि जमिनीवरून आलेल्या पोषकद्रव्यांतून दोन आठवड्यांत प्लवकांचा असा महापूर आला, की त्याची पातळी तोवर नोंदलेल्या सर्वोच्च पातळ्यांपैकी एक ठरली. मग अन्न संपलं आणि प्लवकही कोसळले. दोन-तीन महिन्यांत पाणी पूर्वीसारखं झालं. आणि मग, मेलेले म्हणून सोडून दिलेल्या पोरायटीसच्या सच्छिद्र सांगाड्यांच्या आत खोलवर उरलेल्या ऊतींमधून नवे प्रवाळ बाहेर येऊ लागले. शास्त्रज्ञ पॉल जोकिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दोन्ही पुरांची तुलना मांडली: नैसर्गिक आघातातून भित्ती लवकर सावरते, प्रदूषित पाण्यात सावरत नाही.

दोन्ही वेळा पाऊस आभाळातूनच आला होता. प्रवाळ तेच, उपसागर तोच. फरक फक्त पाणी ओसरल्यानंतर तिथे काय उरलं होतं याचा. पूर ही दैवी आपत्ती आहे, तिथे माणूस काय करणार, असं कुणी म्हटलं की मला कनेओहे आठवतं. माणसाने तिथे एक गोष्ट केली होती, सांडपाण्याची दिशा बदलली होती, आणि प्रवाळांना तेवढं पुरलं.

आज मात्र तेवढं पुरेल का, ही काळजी मला सोडत नाही. सावरायला वेळ लागतो, आणि वेळच कमी होत चालला आहे. कनेओहेसारखे पूर साधारण वीस ते पन्नास वर्षांनी यावेत अशी तिथली रीत होती. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस कमी वेळात जास्त कोसळतो. त्यात समुद्राच्या उष्णतेने होणारं विरंजन, म्हणजे प्रवाळांचं पांढरं पडणं, आता मधल्या वर्षांत येऊन बसतं. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळाने क्वीन्सलँडमधल्या केर्न्स आणि डेनट्रीच्या परिसरात विक्रमी पाऊस पाडला. पुढच्या काही महिन्यांतच, २०२४ च्या सुरुवातीला, ग्रेट बॅरियर रीफवर उष्णतेने व्यापक विरंजन झालं. पुरातून उठणाऱ्या प्रवाळाच्या अंगात ताकद नसते. त्यातच पाण्यात नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फरस अपुरा असा असमतोल झाला, तर तो एरवीपेक्षा कमी उष्णतेतही पांढरा पडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

दूर असल्याचा दिलासाही उरलेला नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या फ्लॉवर गार्डन बँक्स या भित्ती टेक्ससच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत आहेत. २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाने ह्यूस्टन बुडवलं, त्यानंतर तिथल्या स्पंजांमध्ये जमिनीवरून आलेले, विष्ठेतले जिवाणू सापडले. शहराच्या गटारातलं पाणी एवढं अंतर कापून स्पंजाच्या पोटात गेलं होतं.

म्हणून मला या विषयात सगळ्यात आशादायक वाटणारं काम समुद्रात चालत नाही. ते बर्डेकिनच्या खोऱ्यात, गुरांच्या कुरणांवर चालतं. तिथल्या गाळाचा फार मोठा वाटा घळींमधून येतो, आणि त्या घळी खोऱ्याच्या अगदी थोड्या जागेत आहेत. तिथली माती सोडियमने भरलेली. ओली झाली की साखरेसारखी विरघळते. एकदा गवत गेलं आणि पाण्याला चीर सापडली, की दर पावसाळ्यात घळीचं तोंड मागे मागे सरकत कुरण गिळत जातं. दुरुस्तीचं काम असं, की आधी कुंपण घालून गुरं बाहेर ठेवायची. मग यंत्राने घळीच्या उभ्या कडा कापून त्यांना उतार द्यायचा. मातीत जिप्सम मिसळायचं, म्हणजे ती विरघळायची थांबते. पाण्याच्या वाटेत दगडांचे छोटे बांध घालायचे, वर गवताचं बी आणि पेंढा पसरायचा. काम महागडं आहे आणि एका घळीला महिने जातात. पण जिथे ते नीट झालं आहे, तिथून वाहणाऱ्या पाण्यातला गाळ खूपच खाली आला आहे.

ऑस्ट्रेलियाने २०२५ पर्यंत नद्यांतून येणारा माणसामुळे वाढलेला बारीक गाळ २५ टक्क्यांनी आणि विरघळलेला नायट्रोजन ६० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं होतं. अहवालांमधली प्रगती त्या मानाने संथ राहिली, नायट्रोजनच्या बाबतीत तर फारच. उसाला नेमकं किती खत लागतं ते मोजून तेवढंच घालणं, हे ऐकायला घळ बुजवण्यापेक्षा सोपं वाटतं. तरीही ते होत नाही, कारण कमी खतामुळे पीक कमी आलं तर नुकसान एकट्या शेतकऱ्याचं, आणि जास्त खतामुळे भित्ती गेली तर ते कुणाच्याच वहीत चढत नाही. शेतकऱ्याला दोष देऊन हा पेच सुटणार नाही. त्याच्या नुकसानीची जोखीम कुणीतरी उचलायला हवी, आणि ती सरकारने उचलावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्त झालेल्या घळी अजून थोड्या आहेत, उघड्या हजारोंनी. त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो मी आता उपग्रहाच्या छायाचित्रांइतकेच लक्ष देऊन पाहते. पहिल्या फोटोत लाल, उभी, भेगाळलेली भिंत. दुसऱ्यात सौम्य उतार, त्यावर गुडघाभर गवत, आणि तळाशी दगडांमागे अडकून राहिलेली माती.